मोरेश्वराच्या बारवेला कुलूप लावण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
श्री मोरेश्वर देवस्थान न्यास, धार

विषय : मोबाइलवरील खेळातल्या बिघाडामुळे न्यासाच्या बारवेत मुले उतरत असल्याने दाराला तातडीने कुलूप लावणेबाबत.

संदर्भ : रखवालदार श्री. उमाशंकर यांचे तोंडी उत्तर, "लेखी हुकमाशिवाय कुलूप नहीं लगेगा."

महोदय,

अर्जदार ऋजुता बिडवई, राहणार देवास, माहेर धार, सविनय कळविते की,

१. धारच्या मराठी समाजाच्या उन्हाळी शिबिरासाठी तिने 'मोहोरा शोधा' हा खेळ तयार केला. मूल फोन घेऊन गावात हिंडते, ठरल्या ठिकाणी पोचले की पडद्यावर सोन्याची मोहोर मिळते. ठिकाणे मात्र एका परक्या कंपनीच्या फुकट सॉफ्टवेअरकडून येत. फुकटचे मिळाले म्हणून तिने पुढचा विचार केला नाही.

२. सोमवारी कंपनीने आपल्याकडे काही बदल केला आणि ते सॉफ्टवेअर एकही ठिकाण सांगेना. ठिकाण न मिळाल्यास यादीतले पहिले दाखवावे, असे अर्जदारानेच लिहून ठेवले होते. पहिले ठिकाण आपली बारव, कारण कशाचाही आरंभ देवाच्या दारातून करायची घरची रीत. आता साऱ्या धारच्या मोहोरा बारवेच्या मधोमध, बारा हात खोल पाण्यावर पडल्या आहेत आणि फोन मुलांना 'अजून पुढे' म्हणत राहतो.

३. मंगळवारी तिने ते सॉफ्टवेअर काढून टाकले, गावभर पायी फिरून ठिकाणे हाताने भरली. परंतु नवा खेळ ज्याने घेतला त्याच्यापुरताच. शिबिरातल्या एकवीस मुलांनी जुना खेळ मित्रांना वाटला. आज तो एकशे चाळीस फोनांत आहे, नावे सगळी टोपण. तो दुरून बंद करायची सोय तिने ठेवलीच नव्हती. खेळ उघडल्याची आणि मोहोर उचलल्याची नोंद तेवढी तिच्याकडे येते. शिबिरप्रमुख तात्यांच्या आग्रहावरून दारावर शुद्ध मराठीत फलक लावला, 'जलाशयासमीप जाण्यास सक्त मनाई'. हिंदी शाळेतली मुले तो न वाचताच आत जातात.

४. तीन दिवस ती दारात बसून मुले परतवीत आहे. काल चिंटू नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला शेवटच्या पायरीवरून दंडाला धरून ओढले. तो रडवेला होऊन म्हणाला, "काकी, बस चार पावलं राहिली, मोबाइल बोल रहा है." तेव्हापासून अर्जदाराला फार भीती वाटते. आभाळच फाटले, ठिगळ कुठे लावणार?

५. इथवर लिहून झाल्यावर तिने फोन पाहिला. आज ती साडेआठला येथे पोचली. आठ वाजून दहा मिनिटांनी 'शेरू' या टोपणनावाने जुन्या खेळातली एक मोहोर उचलली गेली आहे. पाण्यात गेल्यावाचून ती उचलता येत नाही. त्या फोनवरून पुढे काहीच आलेले नाही. खालच्या पायरीवर एक लहान चप्पल आहे.

६. पोलीस निघाले आहेत. उमाशंकर हुकमाची वाट न पाहता पाण्यात उतरले आहेत, पण तळ लागत नाही. उपशाच्या पंपघराची किल्ली आपल्या कपाटात आहे. कुलपाचे नंतर पाहावे. अर्ज आणणाऱ्याच्या हाती आत्ताच किल्ली द्यावी. पोच नको.

पायरीवर वाट पाहणारी,
ऋजुता बिडवई
धार, दि. १७ मे २०२५