मांजरा संघाचा विलायत दौरा

नल्लकुंटा, हैदराबाद
९ ऑगस्ट १९९४

चि. शिवराज भावजी यांस सत्यवतीचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या दादांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आलात, राहिलात, पण सारा वेळ नुसते हसत होतात. त्रिवेणी म्हणाली, चिंचवडला पोचले की बोलतील. बोललात का?

आता कामाचं लिहिते. तुम्हा दोघा भावांचा पत्रांतून क्रिकेट खेळणारा, नदीच्या नावाचा मांजरा संघ गेलं वर्षभर विलायतेत अडकून पडला आहे. दादा गेले तेव्हा तीन सामने उरले होते. नंतर कुणी त्यांना खेळवलं नाही की घरी आणलं नाही. कागदावरची का असेनात, अकरा माणसं परक्या मुलखातल्या हॉटेलात अशी टाकून देणं मला बरं वाटत नाही. म्हणून मी ठरवलं, दादांच्या जागी आता मॅनेजर मी.

नियम मला पाठ आहेत. शाळा माझी तिसरीत सुटली. पुढचं वाचन मी तुमच्या पोष्टकार्डांवरच शिकले हे तुम्हाला ठाऊक आहे. डोळे मिटून पुस्तक उघडायचं, डाव्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, आठ आला तर एकच, शून्य आला की गडी बाद. आपला डाव तुम्ही तिकडे खेळायचा, गोऱ्यांचा मी इकडे. मग तुम्ही आपल्या खेळाडूंच्या प्रतिक्रिया लिहायच्या, आणि पुढच्या सामन्यात कोण खेळेल ते मॅनेजरने ठरवायचं. त्यावर अपील नाही. गोऱ्यांसाठी मी टेलिफोनची डिरेक्टरी घेतली आहे. जाड आहे, पुष्कळ धावा निघाल्या. पहिल्या सामन्याचे त्यांचे डाव सोबत पाठवते.

वरच्या मजल्यावर पुण्याचा अरविंद बिऱ्हाडाला आलाय, कंप्युटरच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, काकू, हा सगळा दौरा मशीन चहा होईस्तोवर खेळून दाखवेल. मी म्हटलं, हौ, आणि हरल्यावर खेळाडू काय बोलले ते कोण लिहिणार, तुझं मशीन? चहा पिऊन वर गेला पोट्टा.

कप्तान बळवंतला सांगा, मॅनेजर बाई आहे म्हणून ढिलाई चालायची नाही. रेणूला गोड पापा.

लोभ आहेच, तो पोष्टाच्या पेटीत टाकत राहा.

सत्यवती

—

चिंचवड
२० ऑगस्ट १९९४

ती. गं. भा. सत्यवती वहिनींस शिवराजचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून खूप दिवसांनी मोठ्याने हसलो. त्रिवेणी विचारायला आली, काय झालं. तिला सांगितलं, संघाला मॅनेजर मिळाला. तिलाही बरं वाटलं. तुमचा दौरा सुरू झाला ना, मग मी निर्धास्त जाते, असं म्हणून ती रेणूला घेऊन बीदरला गेली. सासऱ्यांचं एक अंग लुळं पडलंय, तिला तिथे महिना-दोन महिने लागतील.

कारखान्यात जर्मन साहेब आले आहेत. भिंतींना नवा रंग, शेडमध्ये नवी मशिनं. काम जोरात आहे, ओव्हरटाइम चालू आहे. काळजी नसावी.

सामना हरलो. धावफलक सोबत आहे. प्रतिक्रिया अशा:

सलामीचा फलंदाज किशन म्हणाला, इथला चेंडू सरळ येतोसा वाटतो आणि मग दुसऱ्याच माणसाचं ऐकतो. यष्टिरक्षक हबीब म्हणाला, खेळाचं सोडा, हॉटेलच्या वरणात चिंच नाही, मियाँ, आदमी पकडेगा कैसा? वर्षभर खोलीत बसून हातांना गंज चढला, असं बाकीचे म्हणाले.

कप्तान बळवंत दोन्ही डावांत शून्यावर बाद. त्यांनी एवढंच सांगितलं, की चेंडू चांगला होता, चूक माझी.

तुमच्या डिरेक्टरीला जरा आवरा. आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्यावा.

शिवराज

—

नल्लकुंटा
१ सप्टेंबर १९९४

चि. शिवराज भावजी यांस अ. उ. आ.

पत्र मिळालं. आधी एक भांडण. पाकिटावर माझ्या नावामागे गं. भा. लिहू नका. पोष्टमन सत्यम् ते वाचत नाही, पण मी वाचते. हे गेले ते मला रोज सकाळी दोन कप चहा ठेवताना कळतंच. पाकिटाने वेगळं सांगायला नको.

तुमच्या प्रतिक्रिया मी मोठ्याने वाचल्या, हे वाचायचे तशा. हबीबच्या वरणावर अरविंदची बायको वैशाली इतकी हसली की ठसका लागला. तिने वर नेऊन अरविंदलाही ऐकवल्या. किशनला म्हणावं, पोटभर जेव आणि झोप, दुसऱ्याच माणसाचं ऐकणारा चेंडू उपाशी माणसालाच दिसतो.

गोऱ्यांचे पुढच्या सामन्याचे डाव पाठवते आहे. डिरेक्टरीतल्या अंबरपेठवाल्यांच्या पानावर फार धावा निघाल्या, माझा इलाज नाही.

स्वयंपाक कोण करतं? ओव्हरटाइम करून आल्यावर नुसता चहा-पाव नक्को. खरं लिहा.

आठवण ठेवा, मी ठेवतेच.

सत्यवती

—

चिंचवड
१२ सप्टेंबर १९९४

ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

गं. भा. काढलं. माफ करा.

जेवण व्यवस्थित आहे. सकाळी डबा स्वतः भरून निघतो. शेजारचा अंबाजी आमच्याच खात्यात होता, तो संध्याकाळी येऊन बसतो.

दुसराही सामना हरलो. किशनने परतीचं तिकीट मागितलं, दिलं. तो म्हणाला, सरावाला आता मशीन चेंडू टाकतं, ते दमत नाही आणि घाम पुसायला थांबत नाही, त्याच्यासमोर उभं राहायला जी माणसं लागतात ती आम्ही नव्हे. हबीबही गेला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. एक कागद समोर ठेवून, स्वखुशीने जातो असं लिही, एवढंच म्हटलं होतं. जाताना त्याने हातमोजे खुर्चीवर नीट ठेवले. संघ लहान झालाय. जेवताना आवाज होत नाही.

कप्तान बळवंत पुन्हा दोन्ही डावांत शून्य. त्यांची प्रतिक्रिया: ड्रेसिंग रूममध्ये माझी खुर्ची कुणी उचलली ते कळलं नाही. विचारायला गेलो तर सगळे अदबीने बोलले. आता मी मैदानाभोवती फिरतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कप्तान सराव करतोय.

दादांचं मनगटी घड्याळ वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे. ते तुमच्याकडेच शोभेल. इथे त्याचा उपयोग उरलेला नाही.

तुमची माया अशीच असू द्यावी.

शिवराज

—

नल्लकुंटा
२१ सप्टेंबर १९९४

चि. शिवराज भावजी यांस अ. उ. आ.

घड्याळ पोचलं. चालू आहे. असं का परत केलंत ते कळलं नाही. दिवाळीला आलात की पुन्हा तुमच्या हातात बांधेन, तेव्हा आढेवेढे चालणार नाहीत.

तुमच्या या खेपेच्या प्रतिक्रिया मी वैशालीला वाचून दाखवल्या नाहीत. दोनदा जिना चढले आणि परत आले. फार छान लिहिल्यात म्हणून असेल.

आता मॅनेजर म्हणून लिहिते. दोन सामन्यांत, चारही डावांत, कप्तानाला भोपळा. तुमचे दादा असते तर त्यांनी एकदा दया दाखवली असती, पण मी नवी आहे, मला शिस्त लावायला हवी. शेवटच्या सामन्यातून बळवंतला वगळलं आहे. त्याने बाहेर बसावं आणि पाणी द्यावं. जरा राग येऊ दे त्याला. भांडायला आला तर मला आवडेल. त्याची प्रतिक्रिया मुद्दाम सविस्तर कळवा.

डिरेक्टरीला मी सांगून ठेवलंय, या खेपेला आपल्या माणसांवर मेहेर कर.

सुखरूप असा, लिहिते राहा.

सत्यवती

—

चिंचवड
३० सप्टेंबर १९९४

ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

कप्तान बळवंत यांची प्रतिक्रिया, सांगितल्याप्रमाणे सविस्तर.

मॅनेजरांचा निर्णय योग्य आहे असं ते म्हणाले. राग अजिबात नाही. उलट बरं वाटलं, कारण त्यांच्या मनात होतं तेच घरच्या माणसानेही सांगितलं. त्यांनी बॅट धाकट्या खेळाडूला दिली. टोपी धुऊन, वाळवून पेटीत ठेवली. खोली झाडून घेतली. कुणाचं काही मनात ठेवलेलं नाही, असं सगळ्यांना सांगायला सांगितलं आहे.

शेवटचा सामना शनिवारी, आठ तारखेला. तो झाला की संघ परत येईल. कप्तान सोबत नसतील. हे त्यांनी शांतपणे ठरवलं आहे, तेव्हा कुणी स्वतःला दोष देऊ नये.

त्रिवेणीला सांभाळून घ्या. ती बोलायला तिखट आहे, पण मागून एकटीच रडते. रेणूला शिकू द्या. अंधारात ती घाबरते, हे ती कुणाला सांगत नाही.

तुम्ही मला आईच्या जागी होतात.

शिवराज

—

नल्लकुंटा
४ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. त्रिवेणीस अ. उ. आ.

हे पत्र पोष्टात टाकत नाही. बीदरच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तो उतरवून देईल. बसून वाच.

सोबत भावजींचं आज आलेलं पत्र आहे. क्रिकेटचं म्हणून बाजूला ठेवू नकोस. आपण दोघींनी तेच केलं. तू म्हणालीस दौरा सुरू आहे म्हणजे ते बरे आहेत, आणि मी त्यांच्या प्रतिक्रिया गोष्टीसारख्या वाचत बसले. यात शेवटी रेणूचं नाव आहे. कुठल्या कप्तानाला रेणू ठाऊक आहे?

मी पत्र घेऊन वर गेले. अरविंदने कारखान्यात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, शिवराज पाटील जुलैतच स्वखुशीने गेले, त्यांचं सगळं खातंच बंद झालं. म्हणजे वर्षश्राद्धाला आले, हसत होते, तेव्हाच नोकरी गेलेली होती. ओव्हरटाइम कुठला नि काय. आणि मी बाई त्या माणसाला खेळातूनही काढून टाकलं.

रडत बसायला सवड नाही. आजच्याच गाडीने मी पुण्याला निघते. अरविंदने तिकीट आणलं, तो सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. भावजींना तार केलेली नाही. मी येतेय हे कळलं तर ते माझ्यासाठी हसून तयार राहतील, नाहीतर घरातच नसतील.

तूही निघ. रेणूला काही सांगू नकोस, आजोबांजवळ बसव.

माझ्यावरचा राग मागाहून काढ, आता फक्त ये.

तुझी जाऊ,
सत्यवती

—

चिंचवड
६ ऑक्टोबर १९९४, गुरुवार

चि. सौ. त्रिवेणीस अ. उ. आ.

तुझी तार मिळाली. वडिलांजवळ कुणी नाही, रविवारी निघते, असं तू कळवलंस. रविवार नको. म्हणून शेजारच्या अंबाजीला हे पत्र देऊन आज बसने पाठवते आहे. त्याची बायको शोभाही त्याच्यासोबत येते आहे. ती वडिलांजवळ राहील, रेणूला सांभाळील. तू शुक्रवारीच अंबाजीबरोबर माघारी फिर.

भावजी आहेत. आत बसलेत. आधी हे वाच, मग बाकीचं.

दार त्यांनीच उघडलं. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री, हातात जेवणाचा डबा, निघण्याच्या तयारीत. मला बघून हसले आणि म्हणाले, वहिनी, अचानक कशा? मी घर बघितलं. कुठे एक भांडं बाहेर नाही. तुझ्या साड्या एका पेटीत, रेणूची पुस्तकं दुसऱ्या, वर नावं घातलेली. लांब जाणारा माणूस मागच्यांची सोय करून ठेवतो तसं.

मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, भावजी, शनिवारी तुम्ही जीव द्यायचं ठरवलंय का? ते म्हणाले, कप्तानाचं म्हणाल तर... मी म्हटलं, कप्तानाचं नक्को, तुमचं सांगा. तेव्हा ते हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. मग हो म्हणाले. डबा हातातच होता. तो मी काढून घेतला तेव्हा बोटं सोडवावी लागली.

नंतर बोलले. कॉलनीत कळू नये म्हणून रोज डबा घेऊन निघायचे, देवळाच्या ओसरीवर बसायचे आणि भोंग्याच्या वेळेला परत. तू इथे असतानाही. मी विचारलं, मला सरळ का नाही लिहिलंत? म्हणाले, मोठ्या भावाला सांगितलं असतं, तुम्हाला कसं सांगू, तुमचंच दुःख ताजं. बळवंतचे ते चारही भोपळे पुस्तक न उघडताच लिहिले होते. वाटलं होतं, मॅनेजर हटकेल, आणि हटकलं तर सांगून टाकू. मॅनेजरने वगळलं. ते असं म्हणाले तेव्हा आवाजात राग नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

काल दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं. मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात तिथे. अंबाजी सोबत होता. तो बाहेर मला म्हणाला की वहिनी, मलाही आत जाऊ द्याल का? त्यालाही दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, माझ्या हातात दिल्या, आणि एकटं सोडू नका म्हणाले. शनिवारचं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

म्हणून मी दाराच्या सगळ्या कड्या काढून ठेवल्या आहेत. न्हाणीघराचीसुद्धा. मी दारात बसून भाजी निवडते, तिथेच पाठ टेकते. जेवले. झोप लागत नाही. मी दिसेनाशी झाले की हाक मारतात, आणि मी आले की काही नाही म्हणतात. आज दोनदा त्यांनी वार विचारला. मी खरा सांगितला.

धीर देणारं काही लिहावं तर माझ्यापाशी ते नाही. नवरा गेल्यावर माणूस कसं राहतं ते मला सांगता येईल, पण ते तुला सांगायची वेळ मला आणायची नाही.

शनिवारच्या आत ये. आणि एक ऐक. काळजी चेहऱ्यावर घेऊन येऊ नकोस. तुला घाबरलेली पाहिली की तुझ्यासाठी ते पुन्हा हसतील, आणि त्या हसण्यामागचं आपल्याला दिसायचं नाही. रागावून ये. दारातूनच भांडायला लाग, मला का नाही सांगितलंत म्हणून. मोठ्याने. कॉलनीला ऐकू जाऊ दे.

माझा जीव तुम्हा तिघांत आहे, तो सांभाळून आण.

सत्यवती