दारावरील पहारा उठवून मिळण्याविषयी

प्रति,
माननीय पोलीस आयुक्त,
पुणे शहर.

विषय : अर्जदाराच्या संरक्षणार्थ नेमलेला पहारा उठविणे, निदान त्या पहाऱ्यासह खराडी येथे जाण्यास अनुज्ञा मिळणे.
संदर्भ : आयुक्तालय स्थापन होण्यापूर्वी निघालेला संरक्षणाचा हुकूम.

महोदय,

१. मी, गोपाळकृष्ण वामन टोकेकर, वय वर्षे बहात्तर, संस्कृतचा निवृत्त शिक्षक, शनिवार पेठेत एकटा राहतो. गेल्या वर्षी स्वारगेटनजीकच्या एका जमिनीच्या दाव्यात न्यायालयाने माझ्याकडून एक जुनी सनद तपासून घेतली. ती बनावट असल्याचे मी सांगताच प्रतिवादीने भर कोर्टात मला जिवे मारण्याची धमकी दिली. सरकारने तत्काळ माझ्या दारी बंदूकधारी शिपाई नेमला. त्या तत्परतेविषयी मी आजही कृतज्ञ आहे.

२. धमकी देणारे गृहस्थ गेल्या चैत्रात ज्वराने वारले. पहारा उभाच आहे.

३. पेशवाईतील कोतवाली व पेठांच्या चावड्या, पुढे इंग्रजी अमदानीतील जिल्हा पोलीस, आणि आता स्वराज्यात, या जुलैपासून, आपल्या नगरास लाभलेले स्वतंत्र आयुक्तालय! दंडनीतीचे अध्यापन केलेल्या मजसारख्यास ही घटना मंगल वाटली. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. परंतु शहर आपल्याकडे आले आणि माझ्या दारचा शिपाई हिंदुराव मात्र जिल्ह्याकडेच राहिला. जुनी कचेरी म्हणते, शहर आता आमच्या हद्दीत नाही, तेथील पहारा आम्ही कसा उठवावा? आयुक्तालयाची नवी शाखा म्हणते, हा शिपाई आमच्या पटावर नाही. जो आमचा नाही त्यास आम्ही परत कसे धाडावे? पूर्वी त्याच्या बदलीस दुसरा शिपाई येत असे. तोही आता येत नाही. हिंदुराव माझ्या ओसरीवरच जेवतो व निजतो.

४. मूळ हुकुमात अशी अट आहे की, मी शिपायावाचून घराबाहेर पडू नये. जुन्या कचेरीची नवी ताकीद अशी की, जिल्ह्याच्या शिपायाने शहराच्या रस्त्यावर गणवेशात फिरू नये. दोन्ही आज्ञा आपापल्या जागी योग्यच आहेत. त्या एकत्र पाळल्या असता मला उंबरठा ओलांडता येत नाही. श्रावणात मी एकटाच ओंकारेश्वराच्या दर्शनास गेलो, तर हिंदुरावकडून लेखी खुलासा मागविण्यात आला. पुन्हा असे घडल्यास त्यास बडतर्फ करू, असेही बजावण्यात आले. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नमूद करतो : “मास्तर, मी हाय तवर तुमच्या केसाला धक्का न्हाई. पर ह्या पेठेत मी कुणाचा पोलीस, तेवढंच कळंना झालंय.” शेजारचे श्रीधरपंत रोज सकाळी खिडकीतून विचारतात, “काय शास्त्रीबुवा, अजून जामीन नाही का झाला?”

५. हे सर्व मी सोशिले असते. परंतु माझी वडील बहीण आनंदीबाई खराडी गावी अत्यवस्थ आहे. आई गेल्यावर तिनेच मला वाढविले. या भाऊबीजेस मी पोहोचलो नाही, तेव्हा तिने भाऊ नसलेल्या स्त्रीप्रमाणे चंद्रास ओवाळले, असे कळले. आता तिचे अन्न सुटले असून ती दाराकडे पाहून “गोपू निघाला का रे?” एवढेच विचारते. तिचा मुलगा दिगंबर माझ्या वतीने कचेरीत गेला असता तेथील कारकुनाने विचारले, “तुमचे मामा सुरक्षित आहेत ना? मग तक्रार कशाची?” 

६. खराडी हे गाव जिल्ह्याच्या हद्दीत आहे. तेथे हिंदुराव मजसोबत राजरोस हिंडू शकतो. अडचण केवळ मधल्या शहराच्या रस्त्याची आहे. गणवेश उतरवून साध्या कपड्यांत सोबत येण्यास तो तयार आहे. परंतु पहारा सोडल्याचा ठपका त्यावर येईल. त्यास तीन लेकरे आहेत. मी नकार दिला.

७. सबब प्रार्थना की, पहारा उठवावा. ते तूर्त अशक्य असल्यास पहाऱ्यासह खराडीस जाऊ द्यावे, आणि तेही न जमल्यास मला अटक करावी. अटकेतील मनुष्यास आपले शिपाई हद्दीबाहेरही नेऊ शकतात, असे हिंदुराव सांगतो. मी कोणताही अपराध केलेला नाही, ही उणीव मी जाणतो. त्यासाठी एखादा किरकोळ अपराध आवश्यक असल्यास, तो घरात राहून करता येण्याजोगा असावा, एवढे पाहून कळवावे. मी विनाविलंब करीन.

बेड्या घालण्यास माझी हरकत नाही. खराडीस पोहोचल्यावर मात्र क्षणभर माझा उजवा हात मोकळा करावा. तिच्या तोंडात पाणी घालावयाचे आहे.

आपल्या आज्ञेच्या प्रतीक्षेत दारातच बसलेला,
आपला नम्र,
गोपाळकृष्ण वामन टोकेकर
शनिवार पेठ, पुणे
दि. १९ नोव्हेंबर १९६५

सोबत :
(१) संरक्षणाच्या हुकुमाची नक्कल.
(२) धमकी देणाऱ्या गृहस्थांच्या मृत्यूचा दाखला.
(३) खराडीच्या वैद्यांची चिठ्ठी. ती परवाची आहे. कृपया तसे समजून वाचावी.