काकांच्या फॉर्मवरचं आजीचं नाव

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१४ जानेवारी १९९६

ती. सूर्यकांतकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. आमच्या कॉलेजात सध्या १९२९ची मंदी चालू आहे आणि मी बिल्कुल वेडी झालेय! काका, बँका बुडाल्या, जन्मभर राबलेली म्हातारी माणसं रस्त्यावर आली. मुलं सांभाळतील म्हणावं, तर मुलांनाच नोकरी नाही. तेव्हा कुठे १९३५मध्ये अमेरिकेनं कायदा केला. कामगार आणि मालक दोघांनी थोडं थोडं भरायचं, म्हातारपणी सरकार पेन्शन देणार. पण यार, त्यात विधवेला पेन्शनच नव्हती! ती चार वर्षांनी आली.

आता तुमचं. रविवारी पोहे देताना काकू सहज बोलून गेली की फॅक्टरीत तुमच्या पीएफच्या फॉर्मवर वारस म्हणून अजून आजीचंच नाव आहे. आजीला जाऊन अठरा वर्षं झाली! अमेरिकेला बायको आठवायला चार वर्षं लागली, तुम्हाला लग्नानंतर पंचवीससुद्धा कमी पडली? दिवाळीत छातीत दुखून तुम्ही ॲडमिट होतात, ते आठवून मला धडकीच भरली. कागदावर नाव नसेल तर काकूला ऑफिसांच्या चकरा. तिला रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं हिंदी येतं, बाबूंशी नाही.

रागावलात तरी चालेल, माया कमी करू नका. आणि फॉर्म भरा.

तुमची,
देविका

गाझियाबाद
२२ जानेवारी १९९६

चि. देविकास,
अनेक आशीर्वाद.

तुझी अमेरिका कॅन्टीनमध्ये वाचून दाखवली. आमच्या राजीव फिटरचं म्हणणं, तुला युनियनमध्ये घ्यावं.

खरं सांगू? मी विसरलो नव्हतो. नोकरी लागली तेव्हा फॉर्म आईला वाचून दाखवला होता. तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं, सरकारी कागदावर माझं नाव लागलंय. रेशनकार्ड सोडलं तर तिचं नाव दुसरं कुठे नव्हतंच. ते आपल्या हातानं खोडायचं, हे काही मला जमेना.

तुझं पत्र आलं आणि गेलो एकदाचा. क्लार्क म्हणाला, इथे खाडाखोड चालतच नाही, नवा फॉर्म भरायचा, जुना फाइलीत तसाच राहतो. म्हणजे इतकी वर्षं मी उगाच घाबरत होतो. अरुणाचं नाव लिहिलं. तिची जन्मतारीख आठवेना, म्हणून तिथूनच घरी फोन केला. काय ऐकून घ्यावं लागलं, ते तुला तीच सांगेल.

तर आता फाइलीत अरुणा वर आणि आई खाली. निदान तिथे तरी दोघी न भांडता राहतील.

अभ्यास कर, येत जा. आमचा जीव तुझ्यात आहेच.

तुझा,
काका