पडवीतली सिंधू

मुक्काम धुळे, ता. ९ डिसेंबर १९३६

चि. भटूस धनुबाईचे आशीर्वाद.

आपल्या प्रकाशा गावी सारं ठीक. कापूस वेचून झाला, म्हैस व्याली, माय तुझी आठवण काढते. मी धुळ्याला कशी, असं तुझ्या मनात आलं असेल. तुझ्या बायकोला घेऊन आले आहे. सरकारी दवाखान्यात खाटेवर पडून आहे ती.

मी माहेरी आले तेव्हा सिंधू विटाळाची म्हणून बाजूला बसलेली होती. लुगड्याला डाग दिसला की माय अंगणातून ओरडते, “परत बसनी का व?” आणि ही मुकाट गोठ्याच्या पडवीत जाते. महिन्यातून तीन-तीनदा! चार लेकरं झालेल्या मायला एवढंही कळू नये? शिवायचं नाही म्हणून तिचं तोंड कुणी जवळून पाहिलंच नाही. मी ताट द्यायला गेले, तर ओठ पांढरेफटक. उठता उठता भोवळ येऊन पडली. विटाळ गेला खड्ड्यात म्हणून मी तिला मांडीवर घेतलं, तेव्हा बोलली.

“बाई, हाई ते नही शे. परसाकडे जास तवय रगत पडस.”

इथल्या डॉक्टरीणबाई माझ्यावरच चिडल्या. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच का आणलं नाही? मूळव्याध असेल, आव असेल, गाठ असेल. तपासल्याशिवाय घरी बसून कुणाला कळतं? त्यात भोवळ येते, अंग झडतं, शौच डांबरासारखं काळं होतं, तर एक दिवसही थांबायचं नसतं. हिच्या आतड्यात गाठ निघाली. सोमवारी कापून काढणार. रक्त फार गेलंय, म्हणून खात्री देत नाहीत.

मायचं एक वेळ समजू शकते, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं होतं, भटू. दिवाळीत तू आलास तेव्हा हिनं लाज गिळून तुला सांगितलं. आणि तू सुरतेच्या पेढीवर कारकुनी करणारा, शिकलेला माणूस, काय म्हणालास? मिरची सोड, ताक पी, आणि “कोनले बोलू नको.” बायकोचं दुखणं चारचौघांत गेलं असतं, तर तुझी कुठली अब्रू जाणार होती रे?

तुला कळवू नको, म्हणत होती. “त्यास्ना कामना खाडा पडी.” अजून तुझ्या खाड्याचीच काळजी तिला! मी विचारलं, त्याला बोलावू का? तिनं होकाराची मान हलवली. मी तिच्या जागी असते तर हलवली नसती.

सोमवारच्या आत ये.

तुझी थोरली बहीण, पण आता आधी तिची,
धनुबाई