खडा धुतल्यावर

सिंदी (रेल्वे)
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नंदिनीस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. एवढं लिहायलाच तीन कागद फाडले, कारण तुला आशीर्वाद द्यायचा मला हक्क उरला आहे की नाही हेच ठरेना. शेवटी वयाने मोठी म्हणून लिहून टाकला. नको असेल तर खोडून टाक.

इकडे सगळे मजेत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, बाया मिळत नाहीत, म्हणून मीही सकाळी दोन तास जाते आणि संध्याकाळी कंबर धरून बसते. आपल्या मयुरीचं लग्न जमलं. मुलगा हिंगणघाटचा, शाळेत शिक्षक आहे, बोलायला गोड. मी सोडून बाकी सगळ्यांना तो पहिल्या भेटीतच आवडला. मला दुसऱ्या भेटीत आवडला, तुला माझा स्वभाव माहीतच आहे. साक्षगंध आठ डिसेंबरला, रविवारी, घरीच आहे.

तुझे दादा भाऊबीजेला संत्र्याचा भाव बघायला तुझ्या तळेगावला आले होते. आपल्या शेतात संत्र्याचं एक झाड नाही, तरी एकोणीस वर्षं हा माणूस दर भाऊबीजेला भाव बघतो. परत येताना कपाळ पुसून येतात, पण केसांत अक्षता राहतात. मी कधी बोलले नाही. यंदा त्या अक्षता माझ्या हाताने काढल्या आणि विचारलं, नंदिनी कशी आहे? त्यांनी हातातला पाण्याचा गडवा तसाच खाली ठेवला.

आता मूळ गोष्ट.

मयुरी सुरतेला हिरे तपासायच्या कामावर आहे हे तुला दादांनी सांगितलंच असेल. दिवाळीला आली, साक्षगंधासाठी घरातलं जुनं काय काय आहे ते बघायला बसली, आणि कपाटातला तो पत्र्याचा डबा तिने उघडला. त्यात तीच, माझी माहेरची हिऱ्याची अंगठी. तुझ्या हळदीच्या दिवशी मी स्वतः तुझ्या बोटात घातली होती, आणि तू पहिल्यांदा माहेरी आलीस तेव्हा परत दिली होतीस. खडा पिवळा आणि मेल्यासारखा दिसत होता. मी पदराने एकदा पुसला आणि ओट्यावर तिघी बायका बसल्या असताना म्हटलं, की हिने सासरी नेऊन खडा बदलून आणला. तू फक्त एवढंच बोललीस, "वहिनी, मी नेली तशीच आणली न वं." नंतर तू आपल्या घरी पाणीसुद्धा प्यायली नाहीस.

मयुरीला मी तेच सांगितलं, की तो खोटा आहे, ठेवून दे. तिने अंगठी उलटी केली, मागून बघितली आणि मला विचारलं, "आई, तू हा धुतला होता का? तपासाच्या आधी खडा धुवा लागते. पहिल्याच दिवशी शिकवते आमाले."

मी म्हटलं, पुसला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही रूपरावजी सोनारांकडे गेलो. त्यांनी कोंदण उघडून खडा बाहेर काढला. खाली बोटाच्या पेरावर मावेल एवढा पिवळा थर होता. हळद, आणि तेल. तू हळदीच्या दिवशी अंगठी काढली नव्हतीस, काढायचं मीच सुचवलं नव्हतं. मयुरी म्हणाली, हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो, आणि खालून मळला की वरून कितीही पुसा, त्यात उजेड फिरतच नाही. तिने कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने तो धुतला. पांढऱ्या कागदाची घडी करून त्यात पालथा ठेवला, कारण रंग म्हणे पालथाच बघायचा असतो, सुलटा ठेवला तर चमक डोळ्यांना फसवते. रंग, घडण, आतले डाग, वजन, सगळं मला समजावून सांगितलं. आणखी एक सांगितलं, की त्यांच्याकडे खडा कोणाचा आहे हे तपासणाऱ्याला कळूच देत नाहीत. मला तर अंगठी कोणाच्या हातून आली तेच आधी दिसलं होतं, खडा मी नंतर बघितला.

हिरा खरा आहे, नंदिनी. फार उंची नाही, रंगाने जरा पिवळटच, आणि कडेला एक काळा तीळ. तो तीळ मी भिंगातून बघितला आणि लगेच ओळखला. अल्लीपूरला माझ्या लग्नाआधी अण्णाजींनी, माझ्या वडिलांनी, मला तोच दाखवला होता. म्हणाले होते, "हा ध्यानात ठेवजो. हजारात तुहा हिरा यानंच ओळखू येईन."

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. तो तीळ मी विसरले नव्हते. एक दिवसही नाही. भांडणानंतर आठ दिवसांनी तुझे दादा म्हणाले होते, "रूपरावजीले दाखवून तं आण एकदा." दुकान घरापासून चार घरांवर. मी गेले नाही. तीळ सापडला नाही तर मी खरी, आणि सापडला तर तुझ्या दारात येऊन उभं राहावं लागलं असतं. त्या दुसऱ्या गोष्टीची मला भीती वाटली. एकोणीस वर्षं मी डबा झाकून ठेवला, तो त्यासाठी. हळदीची चूक मला माहीत नव्हती, पण ही मी जाणूनबुजून केली.

त्या तिघींपैकी एक वारली. उरलेल्या दोघींकडे काल जाऊन सगळं सांगून आले. एकीकडे, तानबाजींच्या घरी, चहा मिळाला. दुसरीकडे रुख्माकाकू मात्र माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मले तं तवाच वाटलं होतं वं. पण तुले सांगते कोण?" मलाही हसू आलं, आणि त्यांच्या ओट्यावरच रडूही आलं. घरी आले तेव्हा किती तरी वर्षांनी हलकं वाटत होतं. तुला न विचारता मी हलकी होऊन बसले, हेही माझ्याच स्वभावाला धरून झालं.

मला माफ कर असं लिहिते आहे, पण कागदावरचं धरू नकोस. साक्षगंधाला मयुरीची आत्या म्हणून ये. सगळ्यांसमोर मला काय बोलायचं ते बोल, मी मान खाली घालून ऐकेन, मध्ये बोलणार नाही. मध्ये न बोलणं मला किती जड जातं ते तुला ठाऊक आहे.

तू आली नाहीस तरी कार्यक्रम होईल. लोकांचा मुलगा आहे, थांबवता येणार नाही. पण मी दिवसभर दाराकडे बघत राहीन, आणि तेवढं माझ्या वाट्याला यायलाच हवं.

तू खरं बोलत होतीस हे माहीत करून घ्यायला घाबरलेली,
तुझी वहिनी
अन्नपूर्णा