तासावरची बाई

प्रिय माय,

आज सकाळी नांदेडच्या विद्यापीठात कायम प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात निघाली. विषय माझाच, बायोइन्फर्मेटिक्स. पाठोपाठ मला नोकरी देऊ केलेल्या हैदराबादच्या कंपनीचा फोन आला, येताय की नाही ते सोमवारपर्यंत कळवा म्हणून. मी अर्ज उघडून बसले आणि 'अनुभव' या रकान्यापाशी अडले. तिथं खरं लिहायचं, तर आधी तुझ्यापाशी कबूल करायला हवं.

मी तुला खोटं सांगितलं होतं. लातूरच्या कॉलेजात लागले, त्या दिवाळीला तू विचारलंस, "झालीस का परमनंट?" आणि मी "हाव" म्हणून मोकळी झाले. तू गल्लीभर पेढे वाटलेस. मग काय, झाकली मूठ सव्वा लाखाची! मी होते तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्षापुरती, घेतले तेवढ्याच तासांची. दर जूनला नव्यानं मुलाखत देऊन तीच खुर्ची मिळवायची आणि तुझ्याकडं यायला मुखेडच्या एसटीत बसताना चेहरा सरळ करायचा. नऊ वर्षं हेच केलं.

तुला माझा विषय काय कळणार, असं मला वाटायचं. शेजारणींना मात्र तू ठसक्यात सांगायचीस, "जित्राबाच्या रगतात जे लिवलेलं असतं, ते माझी पोरगी कंपुटरवर वाचती." यापेक्षा नेमकं मी अजून कुणाला सांगू शकलेले नाही.

लातूरच्या खोलीवर आली होतीस, तेव्हाची ती दुपार आठवते? कॉलेजात वीज गेली की संगणक बंद, म्हणून मी ए, टी, जी, सी ही चार अक्षरं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून मुलांकडून हातानं जुळवून घ्यायचे. दोन प्राण्यांतला एकच जनुक एकाखाली एक मांडायचा आणि कुठं जुळतो, कुठं नाही ते बघायचं. तू पट्ट्या कापायला बसलीस. चहा होईपर्यंत त्या चार खुणा तुला ओळखू यायला लागल्या होत्या. मी जुळवून ठेवलेल्या पट्ट्यांवर बोट ठेवून म्हणालीस, "हे तर पिकाचे तास हायत की. आन् हितं तुटाळ पडली, तू बघितली न्हाईस." तास म्हणजे तुझ्या लेखी पिकाची ओळ, आणि तुटाळ म्हणजे बी न उगवलेली रिकामी जागा. खरंच माझ्याकडून एक अक्षर गळलं होतं आणि पुढचं सगळं सरकलं होतं. माझी मुलं आता 'गॅप' म्हणत नाहीत, तुटाळ म्हणतात. आमच्या विभागप्रमुखांना ते आवडत नाही. न आवडो.

त्याच दुपारी माझ्या तोंडून निसटलं, "मी तासिकेवर आहे ना." लगेच जीभ चावली. तू पट्ट्यांवरची नजर न काढता म्हणालीस, "तासावर? बरं." मला हायसं वाटलं. म्हटलं, शेतातले तास समजली असेल. केवढी मी शिकलेली!

तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर गयामावशीनं मला बाजूला घेतलं. "तिला समदं म्हाईत होतं," म्हणाली. "म्हनायची, पोरगी तासावर हाय, माझ्यावानीच. एक सपला की दुसरा कुणी देतो का बघायचं. पर तिला बोलू नगंस, तिला लाज वाटून राहिली."

तू मला तोंडावर का विचारलं नाहीस गं? उभा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपलंस, त्याची तुला कधी लाज वाटली नाही. मग माझी लाज कशाला जपत बसलीस? एकदा खडसावलं असतंस, तर दोघी मिळून रडलो तरी असतो. मला राग येतो तुझा, आणि त्याहून जास्त माझा.

कायम जागेसाठी दोनदा नाकारलं गेलं, तेही तुला कळू दिलं नाही. दोन्ही मुलाखतींत एकच प्रश्न होता, हा विषय जीवशास्त्राचा की संगणकाचा? जीवशास्त्रवाले म्हणतात तिकडं जा, संगणकवाले म्हणतात तिकडं जा. ना धड इकडची, ना तिकडची. आणि दोन्ही वेळा मी चूक माझीच असल्यासारखी पुटपुटत बाहेर आले.

दुपारी हैदराबादला 'नाही' कळवून टाकलं. काम चांगलं होतं, आता आणखी खोटं कशाला बोलू? पण तिथं शिकवायचं नव्हतं आणि मला शिकवायचंच आहे. किनवट, इस्लापूरकडच्या मुली वसतिगृहात राहून हा विषय शिकतात, आणि आमच्या कॉलेजात तो शिकवणारी मी एकटी आहे. नांदेड तर त्यांना आणखी जवळ पडेल. मग अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, नऊ वर्षं, तासिका तत्त्वावर. आणि अर्ज पाठवून दिला.

शब्द देते, माय. यंदा तो प्रश्न आला की मान खाली घालणार नाही. सांगेन, सर, विषय दोन्हीचा आहे. आणि मला तो शिकवता येतो का म्हणाल, तर अंगठा उठवणाऱ्या माझ्या आईला मी तो एका दुपारी शिकवला, आणि तिनं माझी चूक काढली.

तुझी,
प्रज्ञा