फ्लॉपीच्या फटीतला तांदूळ

परभणी,
६ एप्रिल १९९४

प्रिय भुजंग,

जय भीम आणि नमस्कार, दोन्ही. ही तुझीच पद्धत. माझ्या नावाने चिठ्ठी लिहिताना तू हे दोन्ही शब्द इतके शेजारी शेजारी लिहायचास की दादा हसायचे. म्हणायचे, हा पोरगा कुणालाच नाराज करणार नाही.

बोरीच्या शाळेचे आश्रुबा सर परवा घरी आले होते. आपलं ते शेवटचं कॉम्प्युटरचं मशीन त्यांना शाळेसाठी हवंय. ते अर्धं तुझं, अर्धं माझं, आणि काहीही झालं तरी विकायचं नाही असं आपलं ठरलेलं. म्हणून मी दोन दिवस मागून घेतले. सर बुचकळ्यात पडले. "बाई, जुन्या डब्याचा एवढा काय इचार करायलाव?" असं म्हणाले. त्यांना काय सांगणार? चहा दिला आणि विषय बदलला.

मी औरंगाबादेहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आले तेव्हा परभणीत मला हात लावायलासुद्धा कॉम्प्युटर नव्हता, आठवतं? टायपिंगच्या क्लासमध्ये मी पोरांना तेच ते उतारे बडवायला लावत होते. आणि तू, स्टेशन रोडवरचा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला, दुकानाला कुलूप लावून हैदराबादला गेलास आणि एका कंपनीने मोडीत काढलेले कॉम्प्युटर ट्रक भरून घेऊन आलास. एक-दोन आणावेत, पाहावेत, मग पुढचं ठरवावं, ही अक्कल तुला नव्हतीच. तुझ्या आईच्या, चतुरामावशींच्या, गोधड्यांत गुंडाळलेली ती ठोकळ्यासारखी धुडं. जकात नाक्यावरच्या कारकुनाला ती कशात धरायची तेच कळेना. तो म्हणे टीव्ही, तू म्हणे टाइपरायटर, आणि निम्मी सकाळ तुमची हुज्जत. शेवटी मला रिक्षा करून बोलावून घेतलंस, साक्षीला. मी जाऊन सांगितलं की हे दोन्ही नाही, तर कारकून माझ्यावरच उखडला.

गोधड्या सोडल्यावर तू मला विचारलंस, यातली चालू किती असतील गं? आधी ट्रकभर विकत घ्यायचं आणि मग हे विचारायचं! मी तुला वाटेल ते बोलले. पण खरं सांगू, पहिल्या पडद्यावर ती हिरवी अक्षरं उमटली तेव्हा मला रडू आलं होतं. तू पाहू नये म्हणून मी मशीनच्या मागे वाकून वायर तपासत बसले. तिथेच, तुझ्या घराच्या पुढच्या खोलीत, आपलं ठरलं. मी तपासायचं, दुरुस्त करायचं, तू गिऱ्हाईक आणायचं. सगळी विकायची, एक ठेवायचं, आणि त्या एकावर आपला क्लास काढायचा. परभणीतला आपला स्वतःचा क्लास. मला दुसरं काही नकोच होतं त्या वेळी, निदान मला तसं वाटत होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी तुमच्याकडे पहारीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याची पूजा. आमच्याकडे असलं काही नसतं, त्यामुळे माझ्या ते ध्यानातही आलं नाही. मशीनं सगळी तपासून, पुसून, ओळीने मांडून मी घरी गेले, आणि दसऱ्याला आमचा धम्मचक्र दिन करून येते तर काय, प्रत्येकाच्या कपाळावर हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल, आणि एकही मशीन फ्लॉपी आत घेईना! मावशींनी अक्षता वाहिल्या होत्या, आणि त्या वरवर वाहिल्या नव्हत्या, फ्लॉपीच्या फटीत चिमटीचिमटीने आत सारल्या होत्या. मी कपाळाला हात लावला तर त्या म्हणाल्या, "अगं, तोंड तिथंच हाय की त्याचं. तोंडात न्हाई घालायचं तर कुठं घालायचं?" ओल्या कुंकवाने तांदूळ आत चिकटून बसलेले. तू हसून हसून खाली बसलास. मला मात्र हसू यायला संध्याकाळ झाली.

भुजंग, ते तांदूळ काढण्यात आपला सबंध आठवडा गेला आणि माझ्या आयुष्यात तेवढा चांगला आठवडा पुन्हा आला नाही. तुझा दुकानातला चिमटा, माझ्या केसांतल्या पिना, आणि मावशींची गोधड्या शिवायची दाभण. मावशी स्वतः ताट घेऊन बसायच्या, चष्मा कानाला दोऱ्याने बांधून. दाणा निघाला की ताटात टाकायच्या आणि पुटपुटायच्या, "देवाला वाहिलेला हाय, फेकू नका." दुपारी आपण तिघं तिथेच जेवायचो. पहिल्या दिवशी मी डबा उघडला तर त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि माझ्यापुढे ताट सरकवलं. तुमच्यासारख्या घरांत मला पाणी वरून ओतलेलं मी लहानपणी पाहिलंय, त्यामुळे ते ताट मी शेवटच्या शितापर्यंत पुसून खाल्लं.

आणि त्याच आठवड्यात एकदा, मावशी आत चहा टाकायला गेल्या असताना, तू मान खाली घालून, मशीनच्या पोटात चिमटा घातलेला तसाच ठेवून विचारलंस, क्लासच्या पाटीवर दोन आडनावं लिहायची की एकच? इतकं सरळ कुणी विचारतं का? मी गडबडले. तोंडात आलं ते बोलले, "नामांतर होऊ दे, मग सांगते."

तू हसलास आणि पुन्हा चिमटा चालवू लागलास. तुझा तो हसरा चेहरा मी खरा धरला, इथेच सगळं चुकलं. परभणीत तेव्हा कधीच न होणाऱ्या गोष्टीला लोक तसंच म्हणायचे, नामांतर झाल्यावर. उधारी मागितली की नामांतर झाल्यावर, रस्ता कधी होणार तर नामांतर झाल्यावर. तू मला नकार समजलास. मी मात्र ते शब्दशः म्हणाले होते. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत गावातलं आमचं घर जळालं तेव्हा मी पाचवीत होते. अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही परभणीला आलो. दादांनी त्यानंतर मोर्चे काढले, तुरुंगात जाऊन आले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याशिवाय अशा बापासमोर उभं राहून, मी गावातल्या पाटलांसारख्याच एका घरात सून म्हणून जाते, हे मला सांगता आलं नसतं. नाव लागलं की सांगता येईल, असं मी मनाशी धरलं होतं. हे तुला तेव्हाच फोडून सांगायला हवं होतं. चहा येईपर्यंत तेवढा वेळ नक्कीच होता.

त्यानंतर तू मशीनं विकण्यामागे हात धुऊन लागलास. सेलूचा कापूस व्यापारी, पूर्णेची टायपिंगवाली संस्था, जिंतूरचे डॉक्टर. डॉक्टरांनी वर्षभर त्यावर फक्त टेबलक्लॉथ घातला म्हणे! ओळ रिकामी होत गेली तसा तू कमी बोलू लागलास. शेवटी एकच मशीन उरलं आणि तू ते, क्लास काढायची गोष्ट तशीच अर्धवट सोडून, माझ्या घरी आणून ठेवलंस आणि पुण्याला नोकरीला निघून गेलास. मी समजले, माणूस चार पैसे गाठीला बांधायला गेलाय.

यंदा संक्रांतीला नाव लागलं. पूर्ण हवं होतं तसं नाही, दादा अजून कुरकुरतात, पण लागलं. वस्तीत निळ्या पताका, पेढे, बाया नाचत होत्या. दादा कधी नव्हे ते रडले. त्या रडण्यातच मी त्यांना तुझ्याबद्दल विचारून घेतलं. त्यांनी डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "त्याची आई जेवायला वाढायची ना तुला?" मी हो म्हटलं. तेही हो म्हणाले. मी तशीच एसटीडी बूथवर पळाले. तुझ्या खोलीमालकाने फोन उचलला आणि सांगितलं, ते मुलगी बघायला देवगाव फाट्याकडे गेलेत. निरोप आहे का, असंही त्याने विचारलं. मी नाही म्हटलं.

मला हे तुला लिहायचंच नव्हतं. गेल्या आठवड्यात मावशी स्वतः आमच्या घरी आल्या, तुझी पत्रिका आणि अक्षत घेऊन. दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं असतं. कोपऱ्यातलं मशीन पाहून त्यांनी पदराने त्याची धूळ पुसली आणि फटीत वाकून बघत म्हणाल्या, "ह्यात आजूक आपले तांदूळ हायेत का गं?" मी म्हटलं, असेल एखादा. मग माझ्या तळहातावर अक्षता ठेवून त्यांनी माझी मूठ बंद केली आणि धरून ठेवली. "भुजंगानं तुला इचारायच्या आदी मला इचारलं व्हतं. मी हो म्हणले व्हते, पोरी. भावकीचं माझं मी बघितलं असतं. तूच न्हाई म्हणालीस." त्यांच्याजवळ जे बोलता आलं नाही ते एकदा तुझ्यापाशी बोलून टाकायचं, म्हणून हे पत्र. तुझं ठरलेलं काही मोडायला मी हे लिहीत नाही. ती मुलगी कोण मला ठाऊक नाही, पण तिने काही विचारलं तर हसण्यावारी नेऊ नकोस, आणि ती काही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचार.

लग्नाला दादा येतील. मला जमणार नाही, माझ्या वाटणीच्या अक्षता या पाकिटात घातल्या आहेत. आणि आज सकाळी आश्रुबा सर आले होते. मशीन शाळेला द्यायला मी हो म्हटलं. त्यांनी विचारल्या विचारल्या, लगेच.

तुझीच असं लिहिण्याचा हक्क आता दुसरीचा, म्हणून नुसतीच,
सत्यशीला